द्वारका मेलेली नाही

फुलाबाईंना कुणी काही सांगायला गेलं की त्या आधी विचारायच्या, "पाह्यलं का ऐकलं?" आज बाळापूरचा बाजार भरला नाही म्हणावं, तर "पाह्यलं का ऐकलं?" अमक्याची सून भांडून माहेरी गेली म्हणावं, तरी तेच. समोरचा "ऐकलं" म्हणाला की फुलाबाई मान हलवून आपल्या कामाला लागत, जणू तो काही बोललाच नव्हता. "पाह्यलं" म्हणाला तर मात्र पदर खोचून बसत आणि कुठं, कधी, सोबत कोण होतं, सगळं खोदून काढत.

एकदा त्यांच्या गावात बोभाटा झाला की अंगणवाडीच्या खिचडीत पाल पडली. आया लेकरांना ओढून न्यायला धावत आल्या. फुलाबाईंनी पातेलं उचलून दारात आणलं, त्यातली खिचडी ताटलीत घेतली आणि सगळ्यांच्या देखत उभ्याउभ्या खाल्ली. मग आत बोट दाखवून म्हणाल्या, "पाल ती बघा, भिंतीवर हाय. सकाळधरून तिथंच हाय. मी पाहून राहिले, तुमी ऐकून राहिल्या." ही हकीकत मला त्यांनीच सांगितली. मीही ती ऐकलीच आहे, पण ती खरी असणार याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

त्यांचं पूर्ण नाव पंचफुला. आखाडा बाळापूरपासून चार-पाच किलोमीटरवरच्या एका गावात त्या अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे झाडलोट करणारी, घरोघर फिरून लेकरं गोळा करणारी, पाणी भरणारी, खिचडी शिजवणारी. तिच्या वरती सेविका. ती शिकवते, रजिस्टर भरते. फुलाबाईंनी पंधरा वर्षं मदतनिसाचं काम केलं होतं आणि खरं सांगायचं तर अर्धंअधिक शिकवायच्याही त्याच. गावच्या सेविका पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असली तर ती जागा तिला मिळणार, नाहीतर बाहेरची बाई येणार. फुलाबाई दहावी झाल्या होत्या, आणि दहावीचा निकाल लागायच्या आधीच त्यांचं लग्न लागलं होतं.

म्हणून वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, एका एप्रिलमध्ये, त्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आल्या. मी तिथं मराठी शिकवत होते. अंगावर फिकट निळी साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत दहावीची मार्कशीट.

"जय भीम, मॅडम. सतरा नंबरचा फार्म इथंच भरतेत ना?"

बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. मी म्हटलं, फॉर्म पावसाळ्यात भरायचा, पण प्रकल्पाचं आतापासून लागा. त्याच आठवड्यात आमच्या संस्थेचं परिपत्रक आलं होतं: 'उन्हाळी वाचन उपक्रम'. बारावीला जाणाऱ्या प्रत्येकाने सुट्टीत एक अभिजात कादंबरी वाचायची आणि तिच्यावर प्रकल्प लिहायचा. तोंडी परीक्षेचे वीस गुण त्याच प्रकल्पावर.

फुलाबाईंनी परिपत्रक हातात घेऊन नीट वाचलं. "उन्हाळी भुईमूग असतो, मॅडम. उन्हाळी लागती, तवा धन्याचं पाणी पेतेत. उन्हाळी वाचन ही काय भानगड?"

स्टाफरूममधले सर खो खो हसले. मी जरा चिडलेच. म्हटलं, "गुण हवेत ना? मग वाचावं लागेल."

"मला पास व्हायचंय, कादंबरी कशापायी? खोट्या लोकांच्या खोट्या गोष्टी. पाह्यलेलं बी न्हाई अन् ऐकलेलं बी न्हाई. कोण्या माणसानं घरात बसून रचलेलं."

मी कपाटातून कादंबरी काढून त्यांच्या हातात दिली. चारशेच्या वर पानं, शंभरापेक्षा जास्त वर्षांपूर्वीची भाषा. तिचं नाव मी इथं सांगणार नाही. नाव कळलं की लोक पुस्तक शोधत नाहीत, नोट्स शोधतात. हा माझा अनुभव आहे, आणि त्यातलं पापही माझंच आहे.

ते पाप आता सांगूनच टाकते. ही कादंबरी मी अकरा वर्षं शिकवत होते आणि मी ती वाचलेली नव्हती. एम.ए.ला असताना आमच्या सरांनी तिच्यावर नोट्स दिल्या होत्या. सरांचा आवाज भारदस्त, डोळ्यांत पाणी आणून ते सांगत: सासरच्यांनी घराबाहेर काढलेली द्वारका माहेरच्या वाटेला लागते आणि नदीकाठी तिचा करुण अंत होतो. अख्खा वर्ग मुसमुसायचा. मी त्या नोट्स जपून ठेवल्या, नोकरी लागल्यावर तशाच वर्गात सांगितल्या. पुढं कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याने त्यांची पुस्तिका केली. 'द्वारकेच्या शोकांतिकेची कारणे लिहा' हा प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेलं. अकरा वर्षांत माझ्या हातून किती पोरापोरींनी द्वारकेला मारलं असेल, त्याची गणती नाही.

मे महिन्यात बाळापूरच्या बाजारात फुलाबाई भेटल्या. बोटं पिवळी जर्द. आमच्याकडे त्या दिवसांत जो तो हळदीच्या मागे असतो. शेतात कढया चढवून हळद शिजवायची, मग खळ्यावर पसरून वाळवायची. फुलाबाईंकडे दिराच्या हळदीची राखण होती. गुरं येऊ द्यायची नाहीत आणि आभाळ आलं की ताडपत्री टाकायची, एवढंच काम. दिवसभर लिंबाखाली बसून करायचं काय, म्हणून पुस्तक उघडलं म्हणाल्या.

"पहिले तीस पानं तर मी त्या लिवणाऱ्याला शिव्याच दिल्या, मॅडम. त्याला काय काम न्हाई काय? एक बाई दारात येऊन उभी राह्यली, तर हा दारच सांगून राहिला. दाराच्या कड्या सांगून राहिला. अरे बाबा, तिला आत तं येऊ दे!"

"मग सोडलंत?"

"सोडते कशी! ती आत आल्यावर सासूनं तिच्या हातातली घागर घेतली न्हाई, तिथं मला राग आला. मंग मी खळ्यावरच्या बायायला वाचून दाखवलं. आता समद्या रोज इचारतेत, काय झालं आज द्वारकेचं? कढईवाल्या बी येऊन बसतेत." मग त्या एकदम पुढं सरकल्या. "मॅडम, एक सांगा. तो देवळापशी बसनारा म्हातारा खरंच आंधळा हाय, का सोंग करून राहिला?"

माझ्या नोट्समध्ये असा कुणी म्हातारा नव्हताच. मी शिक्षकांची जुनी युक्ती वापरली. "वाचा पुढं, कळेल."

फुलाबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बराबर," म्हणाल्या आणि मेथीच्या जुडीकडे वळल्या.

जूनमध्ये प्रकल्प आले. बाकी सगळ्यांचे एकसारखे, माझ्याच पुस्तिकेतून उतरवलेले, अगदी माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. फुलाबाईंचा प्रकल्प वहीची बावीस पानं होता. शीर्षक: 'द्वारकेला माघारी कोणी फिरवलं'. त्यात लिहिलं होतं की द्वारका नदीवरून परत येते, सरळ सासरच्या स्वयंपाकघरात जाते आणि चुलीपाशी बसून सांगते, हे घर माझंही आहे. मी हसले. बाईंना शेवटापर्यंत जमलेलं दिसत नाही, म्हणून मनानेच काहीतरी रचलं आहे, असं वाटलं. लाल पेनाने शेरा मारला: 'मूळ कादंबरी वाचलेली नाही. पुन्हा लिहा.'

तो शेरा मी अजून विसरलेले नाही. पन्नास-साठ जणांमध्ये ज्या एका बाईने पुस्तक वाचलं होतं, तिलाच मी हे लिहून दिलं. बाकीच्यांना 'छान', 'उत्तम'.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई आल्या. चेहरा तापलेला, पण आवाज चढलेला नव्हता. त्यांनी पिशवीतून कादंबरी काढून टेबलावर ठेवली.

"आधी माझी चुकी सांगते. मागची सोळा पानं कडंला जोडलेली होती. छापखान्यातनं तशीच आली असतील. मी ती विळ्यानं मोकळी केली. कॉलेजचं पुस्तक फाडलं म्हणून बोलायचं तर बोला."

मी पुस्तक उघडलं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा अंगठा. पहिली वीसेक पानं आधीच्या हातांनी मळलेली होती, त्यानंतर फक्त पिवळा अंगठा, थेट शेवटच्या पानापर्यंत. आणि शेवटची सोळा पानं कडेला विळ्याच्या दातांनी खडबडीत झालेली. हे पुस्तक आमच्या कॉलेजात माझ्या आधीपासून होतं. आतल्या चिठ्ठीवर घेणाऱ्यांच्या सह्या होत्या, त्यात माझी सही तीनदा होती. इतक्या वर्षांत ती पानं कुणी उघडलीच नव्हती.

"हे वाचा," फुलाबाई म्हणाल्या. जोडलेल्या पानांच्या अगदी आधीचं, मोकळ्या पानांमधलं शेवटचं वाक्य होतं: 'द्वारका नदीपावेतों गेली आणि तेथूनच निवर्तली.'

"हेच तर," मी म्हटलं. "निवर्तली. म्हणजे वारली."

"वारली?" त्यांनी पान उलटलं. "अन् मंग ही कोण हाय? मेलेली बाई इथं भाकर थापून राहिली, मॅडम. दीर इचारून राहिला, कोणाला इचारून आलीस, अन् ही म्हणून राहिली, तव्याला इचारून आले. मेलेली बाई बोलती काय?"

मी वाचत गेले. खरंच ती बोलत होती. चांगली ठसक्यात बोलत होती.

कॉलेजच्या ग्रंथालयात जुना जाडजूड शब्दकोश आहे. तो मी काढून आणला. 'निवर्तणे' या शब्दासमोर पहिला अर्थ दिला होता मागे फिरणे, परतणे. आणि मरण पावणे हा अगदी शेवटी. मरणाच्या वाटेवरून परत फिरलेल्या बाईला आमच्या सरांनी तिथंच संपवलं होतं, कारण त्यांच्या हातातल्या प्रतीतही बहुधा पुढची पानं जोडलेलीच असणार. ते पान संपलं, शब्द ओळखीचा वाटला, डोळ्यांत पाणी आलं आणि पुस्तक मिटलं.

फुलाबाईंनी शब्दकोशावरून पिवळं बोट फिरवलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही कादंबरी तुमी वाचली का ऐकली?"

"ऐकली," मी म्हटलं. एवढं बोलायला मला अकरा वर्षं लागली.

मला वाटलं, आता त्या मान हलवून निघून जातील. पण त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "मंग वाचा आता. लई भारी हाय. पहिले तीस पानं जरा दम धरा."

मी वाचली. पावसाळ्याच्या तोंडाला चार दिवस दुसरं काही केलं नाही. आणि मला ती आवडली, हे कबूल करताना मला आनंदच होतो. ज्या पुस्तकाचा मला नुसत्या नावाने कंटाळा यायचा, ते वाचताना मी मोठ्याने हसले, लेखकाशी भांडले, एका दुपारी वरण करपवलं. देवळापाशी बसणारा म्हातारा आंधळा नव्हता, सोंगच करत होता. ते कळल्यावर मला पहिल्यांदा फुलाबाईंना फोन करावासा वाटला. केलाही. त्या पलीकडून ओरडल्या, "सांगितलं न्हाई मी? मला त्याच्या जेवण्यावरून कळलं होतं. ताटातलं बराबर निवडून खात होता!"

त्यांच्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट होती. कादंबरीत एक बाई येते. ती अंगणाच्या बाहेर उभी असते, कारण तिला आत यायची मुभा नाही. लेखकाने तिला नाव दिलेलं नाही. त्या जोडलेल्या सोळा पानांत कळतं की नदीकाठी द्वारकेला तीच भेटली होती आणि "घर तुझं हाय, तू काहून जातीस?" अशा अर्थाचं तीच बोलली होती. फुलाबाईंनी लिहिलं होतं: 'या बाईमुळे द्वारका जगली. लिहिणाऱ्याने तिला नाव द्यायला पाहिजे होतं. त्याने दिलं नाही म्हणून मी देते. हिचं नाव भागीरथी. आमच्या वस्तीत या नावाच्या तीन बाया आहेत.' मी लाल शेरा खोडला आणि वीसपैकी वीस दिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

पण माझ्या देण्याने भागत नव्हतं. संस्थेच्या नियमाप्रमाणे तोंडी परीक्षेला संस्थेच्याच दुसऱ्या कॉलेजातले एक ज्येष्ठ सर येत आणि शेवटचे गुण त्यांच्या हातात असत. ते सर आणि मी एकाच गुरूंचे विद्यार्थी. त्यांच्याही नोट्स त्याच. फुलाबाईंचं इंग्रजी कच्चं, बाकीचे विषय काठावर. सगळी भिस्त मराठीवर. तोंडीचे गुण गेले तर मराठी जाणार, मराठी गेलं तर बारावी, आणि बारावी गेली तर सेविकेची जागा. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून परीक्षेच्या दोन दिवस आधी मी अंगणवाडीत गेले. फुलाबाई लेकरांना हात धुवायला लावत होत्या. मी हळूच म्हटलं, "फुलाबाई, एवढ्या वेळेला सर विचारतील तेव्हा म्हणा, द्वारका मेली. आपल्याला खरं माहीत आहे ना? बस झालं. गुण घ्या आणि मोकळ्या व्हा."

त्यांनी नळ बंद केला. पदराला हात पुसले.

"जित्या बाईला मारू काय मी, वीस मार्कांपायी?"

"अहो, ती कादंबरीतली आहे."

"व्हय. कोण्या माणसानं रचलेलीच हाय. एप्रिलात मीच म्हणले होते, खोट्या लोकांच्या खोट्या गोष्टी." त्यांनी एका पोरीचं नाक पुसलं. "पर आता मी तिला पाह्यलं, मॅडम. सोळा पानं पाह्यलं. ती सासरच्या घरात शिरली, कोणाला इचारलं न्हाई. अन् मी शिकवायला जायाचं म्हणून तिला दाराभायेर मारून टाकू? मंग या लेकरायला मी शिकवू काय? सर म्हणतेत म्हणून व्हय म्हणा, हे शिकवू?"

तो सल्ला मी दिला होता याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटत राहावी असंच मला वाटतं.

परीक्षेच्या दिवशी सर आले. शांत, सभ्य माणूस, वाईट अजिबात नव्हे. सतरा नंबरवाल्यांत फुलाबाई शेवटी. सरांनी ठरलेलं विचारलं, "द्वारकेच्या शोकांतिकेची दोन कारणं सांगा."

"शोकांतिका म्हंजे दुःखात सरती ती गोष्ट. बराबर?"

"बरोबर."

"मंग ही शोकांतिका न्हाई, सर. द्वारका मेलेली न्हाई."

सर समजूतदारपणे हसले. "बाई, तिचा नदीकाठी मृत्यू होतो. सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे."

"समद्याला माहीत हाय व्हय?" फुलाबाई म्हणाल्या. हात मांडीवर, पाठ ताठ. "सर, राग मानू नका. तुमी वाचली का ऐकली?"

सरांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी पेन उचललं. फुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी खाली मान घातली असती. पाहिलं नाही, म्हणूनच मला राहवलं नाही. मी पिशवीतून पुस्तक काढलं, पिवळ्या अंगठ्याचं पान उघडून सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "सर, मीही ऐकलीच होती. अकरा वर्षं. या बाईंनी वाचली आहे."

सरांनी त्या सोळा पानांतलं पहिलं पान वाचलं. मग चष्मा काढून पुसला. "आपल्या सरांनी चुकीचं सांगितलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो."

"ज्या माणसाने आपल्याला घडवलं त्याच्याबद्दल?"

"हो सर. त्यांनी घडवलं, आणि हे चुकीचं सांगितलं. दोन्ही खरं आहे."

सरांनी वीसपैकी पाच गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे सहीला सरकवला. मी सही केली नाही. नोकरीत तोवर मी कुठल्याच कागदावर सही नाकारली नव्हती. तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर पडून राहिला. सर जाताना पुस्तक मात्र बगलेत घेऊन गेले. सात-आठ दिवसांनी ते परत आलं, सोबत गुणांचा नवा कागद. त्यावर पाचांच्या जागी सतरा होते आणि शेजारी त्यांची सही होती. चिठ्ठी नाही, खुलासा नाही. पण शेवटून तिसऱ्या पानात खुणेला म्हणून बसचं तिकीट होतं. एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

फुलाबाई बारावी पास झाल्या. इंग्रजीत जेमतेम, मराठीत दणदणीत. निकालाच्या दिवशी त्यांनी मला मार्कशीट दाखवली तेव्हा मी म्हटलं, "अभिनंदन, आता सेविका होणार." त्या म्हणाल्या, "थांबा, आर्डर येऊ द्या. अजून ऐकलंच हाय." ऑर्डर आली. पंधरा वर्षं ज्या खोलीत त्यांनी केर काढला, त्याच खोलीत त्या आता शिकवू लागल्या.

इकडे मी झेरॉक्सवाल्याकडून पुस्तिका परत घेतली आणि वर्गात सांगितलं, आजवर मी चुकीचं शिकवलं. पोरांना मजा वाटली, पालकांना नाही. मॅडम नीट शिकवत नाहीत, तयार उत्तरं देत नाहीत, मुलांचे गुण जातील, अशी तक्रार संस्थेकडे गेली. माझी बाजू विचारली तेव्हा मी म्हटलं, "पुस्तक वाचा, मग बोलू." ते वाचायला कुणाला सवड नव्हती. बदली करायला होती. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सेनगावकडच्या कॉलेजात मला पाठवण्यात आलं. मला काही पश्चात्ताप नाही.

निघायच्या आधी अंगणवाडीत गेले तर लेकरं घरी निघाली होती. प्रत्येक लेकरू दारात थबकून, हात हलवून ओरडत होतं, "निवर्ततो, बाई! निवर्तते, बाई!" मी चक्रावले. आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात; फुलाबाईंनी त्याच्या जागी हा शब्द बसवला होता. शब्दकोशातला पहिला अर्थ त्यांनी अंगणवाडीत चालू केला होता. एक आई कंबरेवर हात ठेवून भांडत होती, "मरणाचं बोलणं काहून शिकवून राहिल्या लेकरायला? निवर्तणं म्हंजे मरणं, समद्याला माहीत हाय!"

"डिक्शनरी पाह्यली का ऐकलं?" फुलाबाईंनी विचारलं, आणि शेल्फावरून एक कागद काढला. त्या पानाची झेरॉक्स त्यांनी करून ठेवली होती. आईने वाचली, दोनदा वाचली, आणि लेकराला म्हणाली, "चाल. बाई म्हणतेत ते बराबर हाय."

मी सेनगावकडे निघाले त्या दिवशी फुलाबाई बाळापूरच्या स्टँडवर आल्या होत्या. हातात हळकुंडांची पुडी. "वाचून घ्या तिकडं बी," म्हणाल्या. "अजून लई पुस्तकं असतील, मागची पानं जोडलेली." मला त्या बाईंबद्दल जे वाटतं ते तिथं गर्दीत सांगता आलं नाही. इथं सांगते: मला घडवणाऱ्यांत माझे सर होते आणि फुलाबाई होत्या, आणि वाचायला मला फुलाबाईंनी शिकवलं.

गाडी हलली तशा त्या खिडकीसोबत चालू लागल्या आणि मोठ्याने ओरडल्या, "निवर्ता बरं का, मॅडम! लौकर निवर्ता!"

शेजारच्या सीटवरच्या आजीबाई दचकल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "अगं माय, काय बोलून राहिली ती बाई? निघत्या माणसाला असं म्हणतेत काय?"

मी खिडकीतून अर्धी बाहेर झाले आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "निवर्तते, फुलाबाई! निवर्तते!"